काटा दोन पौंड उतरला

गेवराई,
ता. ९ आजूर, सन १३३० फसली

प्रिय सलीम,

आज सकाळी सरकी काढायच्या जिनातल्या वाफेच्या नळाची तपासणी केली. वळणांवर नवे अकरा ओतीव कोपरे बसवले आहेत. नळ पाण्याने भरला, आतली हवा काढली आणि पंपाने दाब एकशेवीस पौंडांवर नेला. गळती लगेच दिसावी म्हणून सांध्यांना चुना लावला होता. कुठे ओल दिसली नाही. तरी अर्ध्या तासात दाबाचा काटा दोन पौंड उतरला. कुठे तडा बोलतो का म्हणून हातोडीने एकेक कोपरा ठोकून ऐकला. मला सगळ्यांचा आवाज सारखाच वाटला. मालक दोनदा येऊन गेले. कापूस आवारात येऊन पडला आहे, त्यांना नळ ठीक असल्याचा दाखला आजच पाहिजे. मी सही केली नाही.

दादांना जाऊन महिना झाला. ते असते तर त्यांनी तुला हाक मारली असती. आठ वर्षं मी हेच पाहिलं. "रामहरी, तू पंप मार. ठोकायचं सलीमला दे." मी शाळा शिकलेला, म्हणून दाखला लिहायचं काम माझं. "अक्षर चांगलं हाय तुझं," म्हणायचे. कान चांगला हाय, असं मला कधी म्हणाले नाहीत. तू नुसती मान हलवलीस की तो कोपरा बाजूला निघायचा. ते स्वतः ऐकूनही बघायचे नाहीत. तू पाशा गाडीवानाचा, आणि त्यांचा मुलगा मी. तू जालन्याच्या नोकरीवर गेलास त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी पोटभर जेवलो.

तापाच्या पाचव्या दिवशी म्हणाले, "सलीमला बोलाव बे, लवकर." कार्ड टाकतो म्हटलं. तीन दिवसांनी विचारलं, "कावून आला न्हाई?" मी सांगितलं, सुट्टी नाही असं तुझं उत्तर आलंय. वाटलं, आता तरी तुझ्यावर रागावतील. तर म्हणाले, "नवी नोकरी हाय लेकराची. सोडीत नसतील." तिथंही तुझीच बाजू. शेवटपर्यंत दाराशी चाहूल लागली की मान उचलायचे. मी आत आलो की पुन्हा टेकवायचे.

तेराव्याला तू कुणाकडून तरी कळून आलास. आईने तुला जवळ घेतलं, तेही मला बघवलं नाही. "मला कावून कळवलं न्हाई?" विचारलंस. कार्ड हरवलं असेल म्हणालो. सलीम, कार्ड मी लिहिलंच नव्हतं. आज तुला बोलवायचं आहे, आणि हे लपवून बोलावणं मला जमेना. त्या नळाखाली सहा माणसं काम करतात. येऊन ते कोपरे ऐकून जा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. तू एका ठोक्यात दोष दाखवशील आणि मला पुन्हा हेवा वाटेल, तेही सांगून ठेवतो. तोवर सही करणार नाही.

आई मामाकडे उमापूरला गेली आहे. आता उठून चूल पेटवतो आणि भाकरी थापतो.

हे वाचूनही म्हणू देशील तर तुझाच,
रामहरी