माझ्या पाठीला पाय लावला नाहीस, म्हणून

प्रिय मोठी आई,

आज नागपूरच्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे उजेडापुढे धरला आणि म्हणाले, "शोभाताई, हाड जुळलं." दोन मणके आता एकच झालेत. मी खाली आले आणि पांढुर्ण्याची गाडी सोडून सरळ सौंसरच्या बसमध्ये जाऊन बसले. ही बातमी आधी तुला सांगायची होती ना! तू संक्रांतीच्या आठवड्यातच गेलीस, हे सावनेर मागे पडल्यावर लक्षात आलं. मग उतरायचं तरी कुठे? बसून राहिले.

म्हणून हे पत्र. तुला वाचता येत नव्हतं, तरी लिहिते. बोलायला हवं होतं तेव्हा मी रागात होते, आणि राग गेला तेव्हा लाज आडवी आली.

तू पायाकडून जन्मलीस, पायाळू. एवढ्या भांडवलावर अख्ख्या सौंसरच्या कंबरा तुझ्या दारात यायच्या! रविवारी सकाळी चहाच्या आधी उसण भरलेली माणसं ओसरीवर पालथी पडलेली असायची. तू भिंतीला हात टेकून उजव्या पायाचा अंगठा त्यांच्या पाठीवरून सात वेळा फिरवायचीस, इतका हलका की मांजर चालून गेल्यासारखं वाटावं. आणि विजा कडाडल्या की हीच बाई खाटेखाली! पायाळूवर वीज पडते म्हणे. आम्ही पोरं मुद्दाम पत्रा वाजवायचो आणि तू आतून शिव्या घालायचीस. आई शेतावर गेली की तुझ्याच घरी जेवायचो, शिव्यांसकट.

लग्न होऊन मी पांढुर्ण्याला गेले, शिलाई मशीनवर बसले आणि बसूनच राहिले. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. पाठ दुखायला लागली तेव्हा माझं औषध ठरलेलं होतं, सौंसरची बस. तुझा पाय लागला की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. काही वर्षं असं चाललं. पुढे उजव्या पायात कळ उतरायला लागली. मशीन मधेच उलटी फिरायची, दोरा तुटायचा, आणि मी वेड्यासारखी मशीनला तेल घालत राहिले! पायडलवरचा माझा पायच नीट पडत नाही, हे डोक्यात आलंच नाही.

तुझ्या मात्र एका नजरेत आलं.

तो रविवार तुला आठवतो का? ओसरीवर चार बायका होत्या. मी पालथी पडणार, तोच तू म्हणालीस, "उठ. टाचेवर चालून दाखव." सगळ्यांसमोर! मी दोन पावलं टाकली. उजवा पंजा वर उचलेचना, फटक फटक आपटत होता. तू माझ्या मागे अंगणाकडे बोट केलंस.

"तुयी चप्पल तिथी निंघून पडली. तुले मालूम तरी पडलं का?"

नव्हतं पडलं.

"माया पाय या पाठीले लागनार नाई. नागपूरले जाय. मोठ्या डाक्टरले दाखव."

"अवं, एवढ्या लांबून आली मी!"

"लांबून आली तं चहा पिऊन जाय."

किती अपमान वाटला मला! परक्या बायकांना पाय देतेस आणि सख्ख्या पुतणीला नाही? चहा न पिताच निघाले.

आता जे सांगते ते तुला कधी सांगितलं नाही. मी त्या दिवशी सरळ घरी गेलेच नाही. आधी मोहगावकडच्या एका पायाळू माणसाकडे गेले. म्हटलं, हिच्यावाचून माझं काय अडतं? त्याने पाय फिरवला नाही, टाच मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी किंचाळले. परत येताना उजवा पाय ओढत होते. यांना सांगितलं, बसमध्ये उभ्याने यावं लागलं म्हणून.

आणि तीन दिवसांनी तू माझ्या दारात! जामसांवलीच्या मारुतीपलीकडे कधी कुठे न गेलेली बाई, घर विचारत विचारत पांढुर्ण्यात आलीस. मला बाजूला सारलंस. यांच्यासमोर बसलीस आणि म्हणालीस, "जवाई, मी जिंदगीभर पाठी पाह्यल्या. ही पाठ माया कामाची नाई. मशीनीत फोटो काढा हिचा."

फोटो काढला, आणि ऑपरेशनचं नाव निघालं. मग काय, गल्ली गोळा झाली. मणक्याला हात लावला की माणूस कायमचं खाटेवर, हे प्रत्येकीला ठाऊक होतं आणि प्रत्येकीचा एक तरी नातेवाईक तसा होता. हेही डळमळले. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "खाटेवर तं ती आताच चालली हाय. डोये उघडे ठिऊन पाहा ना!"

डॉक्टरांकडेही तूच माझ्या शेजारी बसलीस. ते म्हणाले, प्रत्येक दुखऱ्या पाठीला ऑपरेशन लागत नाही, बहुतेकींना लागतच नाही. पण माझा एक मणका दुसऱ्यावरून पुढे सरकला होता आणि पायाकडे जाणारी नस दाबली गेली होती. नस मोकळी करायची, दोन्ही मणके स्क्रू आणि दांड्यांनी धरून ठेवायचे, मधे हाडाचे तुकडे भरायचे. स्क्रू नुसते धरून ठेवतात, जुळायचं काम हाडाचं, त्याला वर्षही लागेल. पाठ नव्यासारखी होईल असं मी सांगणार नाही, असंही ते स्पष्ट म्हणाले. तू एकच विचारलंस, "हिचा पंजा उचलनार का?" ते म्हणाले, "खात्री देता येत नाही. पण उशीर केला तर आशा कमीच."

मग त्यांनी तुझ्या पायाळूपणाची चौकशी केली आणि साधी उसण बहुतेकदा आपोआपच बरी होते म्हणाले. दुसरी कुणी असती तर फणकारली असती. तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "अय माय! म्हंजे इतके साल मी फुकटच मान घेतला!"

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. डोळ्यांपुढे अंधारी आली, पाठीत आग आग. त्या दुपारी तू माझ्या उशाशी बसून हळूच बोललीस. "कोनाले सांगू नको, शोभे. लय साल झाले. कोनाची तरी एक सून आली होती, पाय बधिर होता तिचा. मी इचारलंच नाई, पाय फिरवला. महिन्यानं तिचे दोनी पाय गेले. माया पायानं गेले का जानारच होते, कोनाले मालूम? तवापासून मी आधी पाय पाहतो, मंग पाठ."

हे ओझं तू एकटीने वागवलंस गं! तुझा पाय इतका हलका पडायचा की त्याने काही बिघडलं असेल असं मला नाही वाटत. पण तू मनातून ते काढलं नाहीस. तेव्हाच मी मोहगावचं सांगायला हवं होतं. तू सगळं सांगितलंस आणि मी पाणी मागितलं.

पुढचे सहा आठवडे तू माझ्याकडे राहिलीस. वाकायचं नाही, उचलायचं नाही, कमरेत वळायचं नाही. डॉक्टरांचे नियम तू हवालदारासारखे पाळून घेतलेस. "वाकली तं पाय देतो, पन या खेपेले डोस्क्यात!" माझी वेणी तू घातलीस, मोजे तू चढवलेस, पट्टा तू बांधलास. तुझी स्वतःची कंबर रोज धरायची, हे काय मला दिसत नव्हतं? विचारलं की म्हणायचीस, वय झालं. हे मात्र तुझं चुकलंच. माझ्याबरोबर तुझाही फोटो काढून घेतला असता तर काय बिघडलं असतं?

पाचव्या आठवड्यात पंजा थोडा उचलला. तू चुलीशी होतीस, पळत आलीस आणि माझा पाय हातात घेऊन रडलीस. तुला रडताना मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

तू गेलीस तेव्हा माझ्या कमरेला पट्टा होता. वाकून तुझ्या पाया पडता आलं नाही, हात जोडून नुसती उभी राहिले. मागे कुणीतरी कुजबुजलं, म्हातारीनं एवढं केलं, पण हिला वाकवत नाही.

पाठ अजून दुखते, खोटं कशाला बोलू. थंडीत आखडते, सलग अर्धा तास बसलं की ठणकते. पण पायडल सुरळीत चालतं, बाजाराला पायी जाते, आणि जिन्यावर पाय अडखळत नाही. हे सगळं तुझ्या एका नकारामुळे. होकार दिला असतास, तर मी आनंदाने पालथी पडले असते आणि कदाचित तशीच राहिले असते.

तर आज सौंसरला उतरले आणि पाय तुझ्याच घराकडे वळले. दाराला कुलूप. ओसरीवर एक बाई कमरेवर हात ठेवून बसलेली, जामसांवलीकडची. "पायाळूबाई हाय का?" तू नाहीस हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं आणि तिला टाचेवर चालायला लावलं. डावा पंजा खाली पडत होता. ती चिडली. "मी आराम पडाले आली, परीक्षा द्याले नाई! तुमच्यानं होत नसन तं मी मोहगावले जातो."

मोठी आई, मी तिथेच बोलले. शेजारच्या दोन बायका बाहेर आल्या होत्या, त्यांच्यासमोर. माझा राग, तो माणूस, ती टाच, ओढत आणलेला पाय, नवऱ्याला मारलेली थाप, सगळं. पाठीवरचा वणही दाखवला. जे तुझ्या उशाशी बसून सांगायचं होतं ते एका अनोळखी बाईला सांगितलं. ती खाली बसली.

सोमवारी मी तिला घेऊन नागपूरला जाते आहे. तिला ऑपरेशन लागेलच असं नाही, ते डॉक्टर ठरवतील. तुला शब्द देते, फोटो निघेपर्यंत तिच्या पाठीला कुणाचा पाय लागू देणार नाही. आणि तुझ्या दारात यापुढे जी कोणी येईल तिला माझी चूक पहिल्यापासून सांगेन, काही न लपवता.

तिचं नाव सुनंदा. दोन लेकरं आहेत. ती येते म्हणाली.

तुझीच,
शोभी