लिव्हरचा तुकडा

३ फेब्रुवारी

जमलं! एकदम जमलं! वकीलसाहेबांच्या सोफ्यात मी लहान पोरांची पिपाणी शिवून टाकली होती. आज साहेब आमच्या गादी-सोफ्याच्या दुकानात आले, सोफा बघायला ऐटीत बसले — खालून ‘पीऽऽक’! उठले. परत बसले. परत ‘पीऽऽक’! तोंड असं केलं की जणू कोर्टात खोटं पकडलं गेलंय. बाबा हसू दाबून दाबून लाल झाले, आणि पोट धरून फोमच्या ढिगावर बसले. मला वाटलं हसूनच.

हसून नव्हतं. दुखत होतं.

साहेबांनीच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. भला माणूस. पिपाणी अजून आतच आहे.

४ फेब्रुवारी

पित्ताचा खडा. बारका आहे, सध्या ऑपरेशन नको. पण सोनोग्राफीत भलतंच सापडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “लिव्हरला चरबी आहे. बरीच.”

बाबा भडकले. “अहो, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलो नाही मी!”

“न पिणाऱ्यांनाही होतं. गोड खाणं, बैठं काम, पोट...”

बाबांनी हळूच पोट आत ओढलं. मग बाई जे बोलल्या ते मला टोचलंच — “मला लिव्हरपेक्षा तुमच्या हृदयाची काळजी जास्त आहे. लिव्हरला चरबी असली की बहुतेकदा रक्तातली साखर, चरबी, बीपी हे पण बिघडलेलं असतं. मार बसतो रक्तवाहिन्यांना. हृदय तपासून घ्या.”

जिन्यात बाबा म्हणे, “पोटासाठी गेलो, लिव्हर निघालं, आता हृदय! उद्या कान पण बघतील. सोफा उसवायला घ्यायचा आणि गिऱ्हाईकाला सांगायचं पलंग पण गेलाय — मला नका शिकवू हा धंदा!”

धंद्याचं खरंय. आम्ही पण करतो. पण बाई तसल्या वाटल्या नाहीत.

६ फेब्रुवारी

तपासणीचं नाव काढलं, तर बाबा म्हणे, “लिव्हर उजवीकडे, हृदय डावीकडे. संबंध काय?” — आणि हे बोलता बोलता चहात आणखी एक चमचा साखर!

आई म्हणाली, “टाचणी, आता तूच बघ. माझं ऐकायचं असतं तर लग्न झालं तेव्हाच ऐकलं असतं.”

टाचणी म्हणजे मी. बारीक आहे आणि टोचते म्हणून. आईने चक्क मला काम सोपवलंय! बघाच आता.

७ फेब्रुवारी

स्कूटरची किल्ली गायब! बाबा दुकानापर्यंत चालत आले. वाटेत दहादा थांबले, घाम पुसला, नगरपालिकेला शिव्या घातल्या. मी शेजारून थंड्याची बाटली पीत, मजेत.

किल्ली कुठं? त्यांच्याच खुर्चीच्या गादीत शिवलीय. दिवसभर तिच्यावरच बसले होते!

९ फेब्रुवारी

पकडले गेले मी. बाबा डावखुरे, त्यांचा टाका डावीकडे कलतो. माझा उजवीकडे. गादी उलटी केली, नुसती नजर टाकली — “हा टाका माझा नाही.” कान पिरगाळला माझा. मग चष्मा लावून परत बघितलं, वरून हात फिरवला. “सफाई आहे हं पण. आत काही आहे हे कळतसुद्धा नाही.”

कान दुखतोय. तरी मी दिवसभर छाती फुगवून फिरले!

१२ फेब्रुवारी

आज जिना चढताना बाबा मधेच थांबले. हात छातीवर. विचारलं काय झालं. “काही नाही गं, बटण तुटलंय वाटतं.”

बटण जागेवर होतं.

एकही मस्करी सुचली नाही. मला!

१३ फेब्रुवारी

सुचली!

दुकानासमोर खाटीककाका आहेत. आमच्या घरात मांस खात नाहीत, बाबा तर त्या बाजूने जाताना नाक धरतात. आज हाताला धरून ओढतच नेलं. म्हटलं, “काका, काळीज दाखवा जरा.”

काकांनी उचललं. तांबडं-काळं, थुलथुलीत, चकचकीत.

बाबा नाकावरचा रुमाल विसरले. “हे काळीज? हे तर डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवरच्या लिव्हरसारखं दिसतंय.”

“लिव्हरच की! काळीज म्हणजे दुसरं काय? हृदय हे इथं, बारकं.”

“मग काळजाचा ठोका चुकला म्हणतात तो?”

“लिव्हरला कुठला ठोका, शेठ!”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “आणि हिला मी जन्मल्यापासून काळजाचा तुकडा म्हणतोय!”

“लिव्हरचा तुकडा,” काका सुरा पुसत म्हणाले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही त्यांच्या.

आम्ही तिघं असे हसलो की रांगेतली बाई बिचकली. मग मी डाव टाकला. “बाबा, लिव्हरचा आणि हृदयाचा संबंध काय, असं तुम्हीच विचारत होता ना? आपण दोघांना एकच शब्द वापरतो. घाबरलं काय, प्रेम आलं काय, नाव काळजाचंच!”

हा काही पुरावा नाही, मला कळतं. पण बाबांना पुरला! मराठीत नापास झालेय मी, शाळेतल्या बाई ऐकायला हव्या होत्या.

बाबा थेट घरी आले. दारात चपला काढताना म्हणाले, “जाऊ. पण एकटा नाही. मी हृदय दाखवतो, तू पोट दाखव.”

“माझं? माझ्यात चरबी मावणार कुठं?”

“मग घाबरतेस कशाला?”

टाळी दिली. ठरलं!

१७ फेब्रुवारी

बाबांना छातीला वायरी लावून फिरत्या पट्ट्यावर चालवलं. मी काचेतून तोंडं वाकडी करून दाखवत होते. ते हसत होते — मग हसायचे थांबले. पट्टा पण थांबवला. आणखी एक तपासणी करायची म्हणे.

माझी सोनोग्राफी पण झाली. जेल गार लागतं. एवढंच.

२० फेब्रुवारी

हृदयाची एक नळी अरुंद झालीय. डॉक्टर म्हणाले, झटका यायच्या आधी आलात, गोळ्यांवर भागेल, पण चालायचं आणि गोड सोडायचं.

आई तिथेच रडली. बाबा नाही. बाबा दवाखान्यातल्या दिसेल त्याला सांगत सुटले — वॉर्डबॉयला, लिफ्टवाल्याला, एका अनोळखी आजोबांना — “माझ्या पोरीने मला खाटकाकडे नेलं म्हणून वाचलो!” आजोबा घाबरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

मी खिडकीतून बाहेर बघत होते. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

२४ फेब्रुवारी

सोफा परवा घरी पोचवला होता, आज वकीलसाहेबांचा फोन. पिपाणी काढू नका. नातू सोफ्यावरून उठतच नाही!

१ मार्च

माझा रिपोर्ट आणायचा राहिला होता, आज बाबाच घेऊन आले. चालत!

लिव्हरला चरबी. मला!

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, चुकून दुसऱ्याचा तर नाही? नाही म्हणाल्या. बारीक माणसांनाही होतं. मग विचारलं, दिवसभर काय पितेस? मी पायाशी बघितलं. थंड्याच्या रिकाम्या बाटल्या. लवकर सापडलंय, म्हणाल्या, आत्ता सुधारलीस तर मागे जाईल.

बाबांनी रिपोर्ट वाचला. चष्मा पुसला, परत वाचला.

“शेवटी माझ्याच लिव्हरचा तुकडा,” म्हणाले. हसले मात्र नाहीत.

२ मार्च

स्कूटरची किल्ली कुठंच सापडत नाहीये. माझ्या स्टुलावर नवी गादी आहे. टाका डावीकडे कलतोय.