औषध मारावं लागेल

पिशोर,
२३ सप्टेंबर २०२५

चि. इंद्रजीत,

आक्काचा आशीर्वाद. आम्ही इकडं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तू उस्मानपुऱ्यात खुशाल असशील.

पत्र बघून हसशील, आक्का कोणत्या जमान्यात राहते म्हणून. हस बाबा. माझा नंबर तू बंद करून ठेवलास. शेजारच्या सुरेखाच्या फोनवरून लावला, तर "आप्पांचं काही ऐकायचं नाही मला" म्हणून ठेवून दिलास. मला 'अरे' पण म्हणू दिलं नाहीस. पत्र फाडशील, पण चार ओळी वाचूनच फाडशील.

पाऊस लई झाला. मक्याची कणसं उभ्या उभ्या काळी पडली. गाय व्याली, कालवड आहे, आईसारखीच खोडकर. आप्पांकडची मठाची चावी आता गावच्या समितीकडं गेली. आप्पा तिकडं फिरकत नव्हते. गावातली टवाळ पोरं त्यांना 'पंपवाले आप्पा' म्हणायला लागली होती. एकाला मी चपलेनं बडवणार होते, आप्पांनीच धरलं.

तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. तर जरा आठव. श्रावणात मठात यशोदेचं जुनं चित्र आहे त्या भिंतीवर पांढरं आलं, मिरचीवर भुरी येते तसं. मी तुला फोटो पाठवला. तू फोन केलास. फोन स्पीकरवर होता नि आप्पा शेजारी बसून ऐकत होते. तू म्हणालास, "आक्का, बुरशी आहे ही. जुने रंग डिंकात कालवलेले असतात, ती डिंक खाते. औषध मारावं लागेल, अन् लवकर. मी बघतो, कधी जमतं ते."

तुला जमलं नाही. आप्पा रोज एस.टी.च्या टायमाला फाट्यावर जाऊन उभे राहायचे. तोवर पांढरं यशोदेच्या हनुवटीपर्यंत चढलं.

आता मला सांग, आपल्या घरात औषध मारणं म्हणजे काय रे? तुम्हा जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्यांत कापसाचे बोळे नि बारीक ब्रश असतील. आपल्यात औषध मारायचं म्हणजे पाठीवर पंप घ्यायचा. आप्पांनी मिरचीवरचं गंधक कालवलं. तेही निम्मंच, देवाचं अंग नाजूक म्हणून. आंघोळ करून अनवाणी गेले. मी दार धरून उभी होते. आधी पांढरं गेलं. आप्पा हसले माझ्याकडं बघून. मग लाल वाहायला लागलं, मग निळं. "थांब, थांब गं माय" म्हणत त्यांनी उपरणं भिंतीला दाबलं. यशोदेचं तोंड उपरण्यावर आलं. भिंतीवर नुसता चुना राहिला.

त्याच भिंतीपुढं बसून तू कोळशानं वासरू काढायला शिकलास. तू आलास त्या दिवशी मठात रडलास, ते मी बघितलं. तुझा राग खोटा नव्हता. पण सगळ्या गावादेखत बापाला म्हणालास, "अडाणी माणसा, कुणाला विचारून केलं हे?" आणि ते काय म्हणाले? "कुणाला नाय. माझ्याच डोक्यानं केलं." तू पाण्याचा घोटही न घेता निघून गेलास.

मी तोंड उघडणारच होते. त्यांनी माझा हात दाबला. घरी आल्यावर स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. "मंजे, त्याचं नाव हाय या कामात. ह्यानंच सांगितलं व्हतं असं त्याच्या सायबांना कळलं, तर पोराला कोण भिंतीला हात लावू दील? मला म्हाताऱ्याला अडाणी म्हणलं तर काय झिजतंय?"

पण झिजले रे. जेवण तुटलं. मागच्या सोमवारी सकाळी चहाचा कप उचलायला गेले, तर हातच उचलला नाही. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सुरेखाच्या फोनवरून लावला तो मी दवाखान्यातून लावला होता. काल घरी आणलं. दुसरा झटका आला तर भरवसा नाही, असं डॉक्टर म्हणाले. माणूस धाडून तुला बोलावता आलं असतं. पण मग तू लोकलाजेनं आला असतास, नि 'अडाणी' मनात धरूनच त्यांच्या उशाशी बसला असतास. ते मला बघवलं नसतं.

तू मुद्दाम काही केलं नाहीस. तू औषध म्हणालास नि त्यांनीही औषधच ऐकलं. मला तुझा राग नाही. खोटं कशाला बोलू, आहे थोडा.

त्यांची वाचा गेली, पण कान शाबूत आहेत. ये. मठात जाऊ नको, समितीला भेटू नको. त्यांच्या कानाशी बस नि एवढंच म्हण, "आप्पा, मीच सांगितलं होतं." ते उत्तर देणार नाहीत. माझ्याकडं मात्र डोळे वटारून बघतील. बघू देत.

बापाची शपथ मोडलेली,
तुझी आक्का