ही आमचीच आहे

ती. मामांना,

आपणांस पत्र लिहिण्याची आगळीक करीत आहे, त्याबद्दल प्रथमच क्षमा मागते. (शेवटीही मागेन. मधला मजकूर सुटा होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पुठ्ठा हवा, असे आमचे बाबा म्हणतात. अर्थात ते पुस्तकांविषयी म्हणतात.) आपण मोठी माणसे, आपल्याला कामे. ‘माझ्या भावाला कशाला छळतेस?’ असे आईने दोनदा बजावले आहे. फोन करण्याचाही विचार केला होता. परंतु आपला आवाज ऐकला की माझा आवाज जातो. मागील महिन्यात आपण तीनदा ‘कोण बोलतंय?’ असे विचारून ‘राँग नंबर’ म्हणत फोन ठेवलात, तो राँग नंबर मी होते.

आपला रक्तदाब आता कसा आहे? मामींचा गुडघा? भाषा सल्लागार मंडळावर आपली पुन्हा नेमणूक झाल्याचे आईने आमच्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर सांगितले. चौथा मजला नाही, म्हणून बातमी तिथे थांबली. मला विशेष आनंद झाला. तीन वर्षांपूर्वी आपण मला चाळीस इंग्रजी शब्दांची यादी पाठवून ‘सरावासाठी’ मराठी प्रतिशब्द लिहावयास लावले होते, तेव्हापासून आपल्या भाषाप्रेमाशी माझा थोडासा ऋणानुबंध आहे, असे मी मनातल्या मनात मानते.

इकडे सर्व क्षेम, असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिते.

आमची धाकटी जूनमध्ये हायस्कुलात जाणार. तिला घरात ‘प्रश्नपत्रिका’ म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहेच. (आपण आला होतात तेव्हा तिने आपल्याला विचारले होते की, ‘सल्ला कुणी मागितला नाही, तर सल्लागार दिवसभर काय करतो?’ ती तेव्हा दहा वर्षांची होती. आता तेरा पूर्ण झाली आहेत. तिला उत्तर अद्याप मिळालेले नाही.) गच्चीवरील पाण्याच्या टाकीची सावली तिने सलग शहाण्णव दिवस खडूने आखली आणि एके दिवशी खाली येऊन बाबांना सांगितले, ‘तुमचं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडतंय.’ घड्याळजीने तेच सांगितले. हायस्कुलातील विज्ञानाच्या तुकडीत थेट जागा हवी असेल तर उन्हाळ्यात एखादा वर्ग करावा लागतो, असे कळल्यावर तो निवडण्याची जबाबदारी घराने माझ्यावर सोपविली. कारण मी मराठी माध्यमातून पहिली आलेली. आमच्या घरात पहिल्या आलेल्या व्यक्तीकडून फ्यूजही बदलून घेतात.

तेव्हा मी माहितीपत्रके गोळा केली. ‘दहा दिवसांत आत्मविश्वास’ नावाचा एक वर्ग होता. त्याच्या कार्यालयात जाऊन चौकशी करण्याइतका आत्मविश्वास मजपाशी नसल्याने तो राहिला. ‘नेतृत्वविकास’ नावाच्या वर्गात चाळीस मुले होती आणि चाळीसही जण नेते होणार होते. चालायचे कुणाच्या मागे, हे पत्रकात दिलेले नव्हते. समोरच्या दारात राहणाऱ्या नर्सबाईंचा मुलगा तिथे जातो. तो आता आम्हां सर्वांशी हात मिळवितो आणि ‘मला तुमच्यात क्षमता दिसते’ असे म्हणतो. परवा तो आईला हे म्हणाला, तेव्हा आई रुग्णालयाच्या फाटक्या चादरींना ठिगळे लावीत होती. ‘मग ये, सुईत दोरा ओव,’ आई म्हणाली. नेत्याला ते जमले नाही.

अखेरीस शिक्षण कार्यालयाचा मोफत ‘प्रगत वर्ग’ आम्ही निवडला. प्रयोगशाळा, दुर्बीण आणि तो पूर्ण करणाऱ्यास विज्ञान तुकडीत थेट जागा. खिडकीवर दोन भाषांतले फॉर्म ठेवले होते. मागच्या बाईने इंग्रजी उचलला. मी मराठी उचलला. (मामा, अभिमान ही किती हलकी वस्तू आहे, दोन कागदांतला एक उचलताना वजनही लागत नाही.)

सहा प्रश्नांपर्यंत सर्व सुरळीत होते. सातवा प्रश्न असा होता: ‘आपला पाल्य भेट दिलेला आहे काय? होय / नाही. कारण लिहा.’

मी तो पाच वेळा वाचला. मग शब्दकोश काढला, त्यातून काही निघाले नाही, म्हणून व्याकरण काढले. भेट दिलेला, म्हणजे कोणी कोणास तरी दिलेला. मूल कोण कोणाला भेट देते? तासाभराच्या विचारान्ती मी असा निष्कर्ष काढला की, हा प्रश्न दत्तक मुलांविषयी असून कार्यालयाने तो नाजूकपणे, पालकांचे मन न दुखविता विचारला आहे. मला कार्यालयाचे कौतुक वाटले. बाबा जन्मभर छापखान्यात बांधणीचे काम करीत आले आहेत. छापलेल्या अक्षरावर त्यांचा कोर्टापेक्षा अधिक विश्वास. ते म्हणाले, ‘छापलंय म्हणजे चार जणांनी वाचूनच छापलं असणार. विचारलंय तेवढं लिही.’

आईने मात्र चादर खाली ठेवली. ‘कुणी दिली भेट? नाव सांगू दे त्याला! नऊ महिने मी वागवलीय, दोन दिवस कळा सोसल्यात, आणि हे म्हणतात भेट?’

‘अगं, तसं नाही म्हणत ते...’ मी म्हणाले.

‘तू लिही. नाही म्हणून लिही. आणि खाली रेघ ओढ.’

मी ‘नाही’ लिहिले आणि खाली रेघ ओढली. कारणाच्या जागी आईने सांगितले तेच, माझ्या वळणदार अक्षरांत लिहिले: ‘ही आमचीच आहे.’

यादी लागली. प्रगत वर्गात धाकटीचे नाव नव्हते. ‘पायाभरणी वर्ग’ नावाच्या दुसऱ्या यादीत ते सर्वांत वर होते. मी खिडकीवर गेले. (तीन माणसांना पुढे जाऊ दिले; चौथे कोणी आलेच नाही, म्हणून बोलावे लागले.) खिडकीतल्या बाईंनी फॉर्म काढला, चष्मा वर केला आणि आधी फॉर्मकडे, मग माझ्याकडे पाहिले.

‘अहो, गिफ्टेड आहे का विचारलंय. हुशार! असामान्य! तुम्हीच नाही म्हणून लिहिलंत, शिवाय खाली रेघ मारलीत.’

मी काहीतरी पुटपुटले.

‘आणि कारण काय, तर म्हणे ही आमचीच आहे.’ मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, ‘इतकं कमी लेखू नये हो घरच्यांनी.’

मामा, त्या बाई मनाने चांगल्या आहेत. त्यामुळे अधिक लागले.

गेल्या सोमवारपासून धाकटी पायाभरणी वर्गात जाते. तेथील मुले गोड आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ज्यांना त्या वर्गाची गरज आहे त्यांच्यातील एकाची जागा मात्र आम्ही अडविली आहे. पहिल्या दिवशी एकपासून पन्नासपर्यंतचे ठिपके जोडून बदक काढायचे होते. तिने विचारले, ‘बदक येणार हे ठिपके न जोडताही दिसतंय, मग जोडायचे कशाला?’ शिक्षक म्हणाले, ‘तू फक्त जोड.’ दुसऱ्या दिवशी ससा होता. तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, आमची प्रश्नपत्रिका घरी आली ती कोरी. जेवताना काही विचारले नाही. गच्चीवर गेली नाही. निजण्यापूर्वी एकच विचारले, ‘ताई, तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलं होतं ना गं ते?’

मला ‘हो’ म्हणावे लागले. तिथे व्याकरणाचा काही उपयोग नव्हता.

असो. आपले मन रमावे म्हणून घरातली ही एक गंमत कळविली. माझे आपणांकडे काहीही मागणे नाही. मामींना नमस्कार. लहानतोंडी मोठा घास घेतला, तरी उदार मनाने क्षमा करावी, ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
मोठी भाची

ता. क. मागणे आहे. खिडकीतल्या बाई म्हणाल्या की, शब्द चुकला असे भाषांतरकाराने एका ओळीत लिहून दिले, तर फॉर्म दुरुस्त करता येतो आणि उद्या, शुक्रवारी, सायंकाळी पाचपर्यंत मुलगी प्रगत वर्गात घेता येते. भाषांतरकार कोण, असे मी विचारले. त्यांनी फॉर्म उलटा केला. तळाशी बारीक टाइपात आपले नाव होते.

ता. क. २. तो शब्द माझा आहे, हे मी जाणते. त्या यादीत तो एकोणिसावा होता. पुढेमागे वाक्य नसलेला, एकटा. मी तेव्हा अकरावीत होते आणि ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, एवढेच मला येत होते. बाजूला मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केले होते, ‘मामा, नक्की नाही’ असेही लिहिले होते. छापताना प्रश्नचिन्ह तेवढे गळले. तेव्हा आपण खुशाल लिहावे की, चूक भाचीची आहे. चूक माझी म्हणा, परंतु म्हणा. मजकूर मी तयार करून सोबत जोडला आहे. आपण फक्त सही करावी. आपल्या दोघांना ही पद्धत नवी नाही.

ता. क. ३. हे पत्र हाताने लिहून त्याचे फोटो मामींच्या फोनवर पाठवीत आहे, कारण आपण माझे निरोप उघडत नाही आणि मामी सर्व काही उघडतात. आणखी एक. ती पेन्सिलीची मूळ यादी (आपणांस तिचा फोटोच पाठविला होता) मी आज सकाळी पाकिटात बंद करून खिडकीतल्या बाईंपाशी ठेवली आहे. आपली ओळ आली, तर पाकीट मी न फोडता परत घेईन. न आली, तर ते उद्या पाचला उघडावे, असे त्यांना सांगितले आहे. सांगताना माझा आवाज निघाला, मामा. मलाच नवल वाटले.

गुरुवार, १४ मे, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.