घरी म्हैस असताना दुधाला

अहो,

'प्रिय' लिहायला घेतलं, पण माझं मलाच हसू आलं. जन्मात कधी तुम्हाला तसं म्हणले न्हाई, आता काय म्हणायचं! तर अहो. पत्र लिहिलंय म्हणून लगेच खूश होऊ नका, भांडायचंय तुमच्याशी. काल अंबडला शर्यत झाली, धो धो पावसात. तिथं जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं न्हाई.

शर्यत म्हणजे आधी पळायचं, मंग सायकल, मंग पुन्हा पळायचं. ड्युएथलॉन म्हणतेत. आपल्या पूजानं मला न विचारता मोबाइलवरून माझं नाव टाकलं. म्हणे, "आई, पप्पांनी घेऊन दिलेली सायकल किती दिवस शेताच्या पांदणीनंच फिरवणार?" पोरगी तुमच्यावर गेलीय. आधी करती, मंग सांगती.

तुम्हाला आठवतं ना, मला शुगर निघाली अन् दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ती गिअरची सायकल आणली? गावात कुणाच्या बायकोकडं नव्हती. मी किती मिरवले! पण पहिल्याच सकाळी मी फाट्यावरून डांबरी रस्त्याला लागते न लागते तोच मागं तुमची मोटरसायकल.

"कुठं चाललात?"

"दुधाला."

घरी म्हैस दावणीला बांधलेली अन् हा माणूस दुधाला! विचारलं तर म्हणे, "चहाला गाईचं बरं असतंय." दुसऱ्या दिवशी पेट्रोल टाकायला. तिसऱ्या दिवशी परत दूध. हातात किटली न्हाई, काही न्हाई. मी थांबले की तुम्हीपण लांब थांबणार अन् लिंबाखाली उभं राहून आभाळ बघणार.

मी संशयी आहे हे तुम्हीच चारचौघांत सांगायचे. असंल! पिठाच्या गिरणीवर बसून दुसरं काय होणार? बाया दळण घेताना डबा हलवून बघतेत, मी पीठ काढून घेतलं का म्हणून. त्या माझ्यावर संशय घेतेत, मी त्यांच्यावर. तुमच्यावर का घेऊ नये? मला वाटायचं, सायकल घेऊन दिली अन् आता पाळत ठेवून राह्यलेत. कधी कधी तर वाटायचं, माझं निमित्त करून हे दुसरीकडंच कुठं जातेत. लाज वाटते आता सांगायला, पण एकदा मी तुमचा शर्टसुद्धा हुंगला होता.

मंग त्या थंडीत उसाची ट्रॉली मला मागून घासून गेली अन् मी कडेच्या कापसात जाऊन पडले. त्या दिवशी तुम्ही तापानं फणफणला होतात, म्हणून मागं नव्हतात. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला न्हाई! पण तेव्हापासून मागून गाडीचा आवाज आला की मान आपोआप वळायची, हँडल थरथरायचं अन् सायकल रस्ता सोडायची.

पुढं छातीत कळ आली म्हणून तुम्ही चालत दवाखान्यात गेलात ते परत आलाच न्हाईत. मी डांबरी रस्ता सोडला. शेताच्या पांदणीनं फिरायचे. तिथं मागून बैलगाडीशिवाय काय येणार?

आता खरं ऐका. तुमची गाडी ओसरीत चादरीखाली झाकून ठेवलीय. आखाडात एकदा चादर उचलली तर चाकांना ओला चिखल! टाकीवर नवा ओरखडा, आरसा वाकडा. मी म्हणलं झालं, मामांनी गाडी विकायला गिऱ्हाईक आणून दाखवलं. तुमच्या वडलांवर माझा आधीच राग होता. शर्यतीचं कळल्यावर ते एवढंच बोलले होते, "बाईमाणूस भर रस्त्यानं पळणार?" तेव्हापासून नुसते गुडघ्याला बाम चोळत बसायचे.

"मामा, गाडीला हात कुणी लावला?"

"मांजर असंल."

मांजर! मी किल्ली काढून पिठाच्या डब्यात लपवली. दोन दिवसांनी बघते तर किल्लीवरचं पीठ पुसलेलं. मला बिलकुल खात्री पटली, मी शर्यतीला गेले की मागं गाडी विकायची असा ह्यांचा बेत आहे. शर्यतीच्या दिवशी सकाळी निघताना मामा घरात नव्हते. मी पूजाच्या कानात सांगितलं, बघ, गिऱ्हाइकाकडं गेले.

पळणं बरं झालं. सायकलवर बसले अन् आभाळच फाटलं. घनसावंगीच्या रस्त्यानं जायचं, खुणेपाशी वळून परत यायचं. रस्त्याची एक बाजू बंद ठेवू म्हणले होते. कशाची बंद! पाऊस वाढला तशी झेंडीवाली पोरं चहाच्या टपरीत घुसली अन् ट्रक सुरू झाले. चष्म्यावर पाणी, खड्ड्यात पाणी, मागचं काही ऐकू येईना. एक ट्रक अंगावर चिखल उडवून गेला अन् माझी मान मागं वळली, सायकल रस्त्याच्या कडेला गेली. उतरून सायकल ढकलत परत जावं असं ठरवलंच होतं मी.

तेवढ्यात आपला फाटा आला अन् मागं तोच आवाज. टर्रर्र करून मधीच खोकल्यासारखा अडकणारा. अहो, तुमची गाडी! हजार गाड्यांत ओळखीन मी.

आधी वाटलं, हे कसं शक्य आहे? मंग डोक्यात सणक गेली. विकली! घेणारा आपल्याच गाडीवर बसून माझ्या मागं येऊन राह्यलाय! रागारागानं असे पायडल मारले की विचारू नका. मी जोरात गेले की तोही जोरात, मी हळू की तोही हळू. वळायच्या खुणेपाशी मी सायकल आडवी घातली अन् ओरडले, "कोण हाय रे तू?"

डोक्यावर तुमचं हेल्मेट, त्यावर युरियाच्या पोत्याची खोळ, खाली भिजून मांडीला चिकटलेलं धोतर. मामा! आयुष्यभर लुना चालवलेला माणूस गिअरच्या गाडीवर.

"मामा, तुम्ही? इकडं कुठं?"

मामांनी आभाळाकडं बघितलं.

"दुधाला चाल्लो."

रडू येऊन राह्यलं होतं का हसू, कुणास ठाऊक. एवढंच विचारलं, "अन् किटली?"

"घरी राह्यली. तू थांबू नको. मागून ट्रक येऊन राह्यलेत, मी हाय मागं."

परतीच्या वाटेवर मामा सगळा वेळ दुसऱ्या गिअरमधी गाडी रडवत आले. ट्रक आला की हॉर्न वाजवायचे, ट्रकवाल्याला शिव्या घालायचे. भीती गेली असं खोटं सांगणार न्हाई, होतीच. पण मान एकदाही मागं वळली न्हाई. पुढचं पळणं संपवून मी पोचले तेव्हा मांडववाले मांडव सोडत होते. तरी पोचले.

संध्याकाळी मामांच्या गुडघ्याला बाम मीच चोळला. खरचटून काळंनिळं झालेलं. पांदणीत शिकताना पडले होते, एकटेच. मी विचारलं, "त्यांनी सांगून ठेवलं होतं का तुम्हाला?"

"त्यो कशाला सांगतोय? मी बघायचो ना ओसरीतून. घरी म्हैस आन् ह्यो दुधाला!"

म्हणजे तुमच्या बापाला कळलं होतं, मला न्हाई. का हो सांगितलं न्हाईत? "तुझी काळजी वाटती" एवढं म्हणायला जीभ झिजली असती? मी तुम्हाला चोर समजत राह्यले अन् तुम्ही निघून गेलात. लई राग येतो तुमचा. लई आठवण येते.

असो. तुम्हाला शब्द देते. गाडी विकणार न्हाई. उद्यापासून डांबरी रस्त्यानंच जाईन अन् मागं कोण आहे ते बघणार न्हाई. मामांना तिसरा गिअर टाकायला पूजा शिकवील. अन् गाडीच्या हँडलला मी आजच किटली बांधून ठेवलीय. तुमच्या घराण्याला खोटं बोलायचंच असंल, तर निदान नीट बोला.

तुमची,
संशयी सुनंदा