वाणात गेलेले प्रदर्शन

वारूळवाडी,
सोमवार, ता. २७ जानेवारी २००३

तीर्थरूप लंकाआत्या यांना धाकट्या आदेशचा नमस्कार. वाकून केला आहे असे समजावे. आमचे टेबल बुटके असल्याने मी तसाही वाकूनच लिहीत आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची चौकशी आईने वेगळी करायला सांगितली आहे, तर उजवाही कसा आहे?) आतोबांचे पित्त उतरले का, आणि हॉटेलातली नवी भट्टी धूर करते का, तेही कळवावे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हैस दूध देते आणि वडील ओरडतात, म्हणजे दोघेही ठणठणीत आहेत.

शुक्रवारी तुम्ही आईच्या हळदीकुंकवाला आलात आणि चारच्या एसटीने आळेफाट्याला परत गेलात. त्यामुळे पुढे काय झाले ते तुम्हाला माहीत असणार नाही. ते सविस्तर कळवणे माझे कर्तव्य आहे. (कर्तव्याशिवाय आणखी एक कारण आहे, पण ते शेवटी.)

तुम्हाला ठाऊकच आहे की मी बारावी अर्धी सोडून नारायणगावात मांगीलालशेठच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापतो. उरलेल्या वेळात कांद्याची साले, उसाची चिपाडे शिजवून, कुटून कागद करतो आणि त्यावर मिळेल त्या वस्तूला शाई लावून ठसे काढतो. कोबी, पाटा, ट्रॅक्टरचे टायर, जे हाताला येईल ते. वडिलांच्या मते हा आजार आहे. कांदा साठवायची बराख सध्या रिकामी आहे म्हणून त्यांनी मला ती दिली, पण नवा कांदा आला की मी बराखीतून बाहेर आणि तुमच्या हॉटेलच्या गल्ल्यावर आत, हे त्यांनी आतोबांशी परस्पर ठरवून टाकले आहे. मधेच पुण्याच्या कलाशाळेतल्या श्रेया मॅडम छापखान्यात आल्या. त्यांनी माझे कागद पाहिले आणि सांगितले की सगळे एका ठिकाणी टांगून ठेव, मी येऊन बघते; पसंत पडले तर मार्चमध्ये पुण्याला प्रदर्शन, आणि पुढे कलाशाळेसाठी कागद करण्याचे कामही. हे ऐकून वडिलांनी निकाल दिला, “पुन्याची बाई व्हय म्हणली तर बराख तुझी. न्हाई म्हणली तर आळेफाटा.”

तर मी बराखीत सुतळ्या बांधल्या, कपड्यांच्या चिमट्यांनी कागद लावले आणि प्रत्येकाखाली खांबावर नावाची चिठ्ठी डकवली. जागोजागी ‘हात लावू नये’ अशा पाट्याही लावल्या. (‘कृपया’ लिहावे की नाही यात एक संध्याकाळ गेली.) मग मला काळजी लागली की मॅडम पुण्याहून येणार आणि बघायला कुणीच नसणार. ती मी आईजवळ बोललो, हीच माझी चूक. आई म्हणाली, त्यात काय, मी हळदीकुंकू बराखीतच घालते, वाडीतल्या झाडून साऱ्या बाया येतील. तिने वाणासाठी पोतेभर प्लास्टिकच्या गाळण्या आणल्या होत्या. बाप्यांचे तिथे काम नाही म्हणून मला मॅडमना आणायला स्टँडवर पाठवले. आणि मी वळताच माझ्या पाट्या उतरवल्या, कारण हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णींना हात लावू नका असे कोण म्हणते?

पुढचे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बायांनी कुंकू घेतले, तिळगूळ घेतला, आजूबाजूला पाहिले, तर चिमट्यांना वाण टांगलेले. आईने गाळण्यांच्या पोत्याची गाठ सोडेपर्यंत माझे प्रदर्शन लुटून झाले होते. (गाळण्याही गेल्या. त्या कुणी नको म्हटले नाही.)

मी मॅडमना घेऊन आलो तेव्हा बराखीत सुतळ्या, चिमटे आणि चिठ्ठ्या उरल्या होत्या. मी जमिनीवर एखादा तरी कागद पडला आहे का ते शोधू लागलो. मॅडम मात्र शांतपणे एकेका चिठ्ठीपुढे उभ्या राहू लागल्या. ‘कोबी, कांद्याच्या सालीवर’ असे वाचायच्या, वरच्या रिकाम्या चिमट्याकडे बघायच्या आणि मान हलवायच्या. शेवटी म्हणाल्या की तुझ्यात धाडस आहे. खरे सांगतो आत्या, मी ते धाडस कबूल करण्याच्या बेतात होतो. तेवढ्यात आई ताट घेऊन आली आणि अभिमानाने म्हणाली, “काय बघताय बाई? समदं गेलं. एक बाई रिकाम्या हाती न्हाई गेली.”

मी म्हणालो की घरोघर जाऊन परत आणतो. आई भडकली. दिलेले वाण परत मागायचे म्हणजे वाडीत तोंड दाखवायला नको. मॅडमच म्हणाल्या की परत कशाला, आपण बघायला जाऊ. मग पुढे आई, मधे मॅडम, मागे मी आणि माझ्यामागे ‘हे काय चाललंय’ असे पुटपुटत वडील, अशी वरात निघाली. ठकूबाईंनी पाट्याचा ठसा पाट्याच्याच वर टांगला होता, दोघांची ओळख राहावी म्हणून. शेजारच्या आरोहीच्या भूगोलाच्या पुस्तकाला उसाच्या चिपाडाचे कव्हर लागले होते, वर नाव, इयत्ता, तुकडी. मला रडू येत होते आणि मॅडम फोटो काढत होत्या. मांगीलालशेठच्या जतनबाईंनी कोबी स्वयंपाकघरात देवाच्या फोटोशेजारी लावला होता. त्यांच्या जैन घरात कांद्याला उंबरा ओलांडू देत नाहीत आणि तो कागद सबंध कांद्याच्या सालींचा. माझ्या पोटात ही गोष्ट राहीना, मी सांगून टाकली. जतनबाईंनी क्षणभर कागदाकडे पाहिले. “मला कुठं तो खायचाय, राव?” म्हणाल्या, आणि कोबी उचलून घरापुढच्या दुकानात गल्ल्यामागे नेऊन लावला. प्रत्येक घरी मॅडमना कुंकू, चहा आणि त्या त्या घरचे उरलेले वाण. शेवटी त्यांच्या कपाळावर जागा नव्हती आणि ओटीत साबणदाण्या, फण्या आणि आईची गाळणी होती. इतक्या भरल्या हातांनी मी कुठल्याच प्रदर्शनातून परतले नाही, असे त्या म्हणाल्या.

पण मॅडमना सगळ्यात मोठा कागद सापडेना. ‘गोठ्याचे दार’, चिठ्ठी होती, कागद नव्हता. तो मी आपल्या गोठ्याचे जुने दार शेण खरवडून, धुऊन, त्याला शाई लावून काढला होता. लाकडाच्या रेषा उमटतील म्हणून काढायला गेलो, तर निघाला सहा पायांचा बैल, तोंड असलेली एसटी आणि दारापेक्षा लांब वेणीची मुलगी. कुणी गुराख्याने ओरखडले असेल असे मला वाटले होते. मॅडम पुन्हापुन्हा विचारू लागल्या, तेव्हा वडील वैतागून म्हणाले की दारच बघायचे ना, ते कुठे पळाले नाही. गोठ्यात नेले. मॅडम शेणात गुडघे टेकून बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मग म्हणाल्या, हे कुणी काढले?

वडिलांनी म्हशीकडे बघत सांगितले. “आमच्या आक्कानं. खिळ्यानं. म्या बापाला जाऊन सांगितलं, तिला मार बसला. मंग तिलाच शेणानं सारवाया लावलं.”

आत्या, मला हे आजवर कुणी सांगितले नव्हते. मॅडम म्हणाल्या की बाकीचे कागद चांगले आहेत, पण पुण्याला मधोमध हे दार उभे करायचे आणि शेजारी त्याचा ठसा. म्हणजे त्या हो म्हणाल्या. वडिलांनी बराखीची किल्ली माझ्यापुढे टाकली. (बराखीला कुलूप कधीच नव्हते. ही किल्ली कशाची, ते मी अजून शोधतो आहे.)

सर्वांना नमस्कार. गुडघ्यांना जपावे.

तुमचा,
आदेश

ता. क. शुक्रवारी स्टँडवर मी तुम्हाला पलीकडून हात केला, पण तुम्ही बघितले नाही. तुमच्या काखेत मोठी गुंडाळी होती. मला वाटले कॅलेंडर असेल. ती परत मागत नाही, वाण आहे. दार आहे तोवर मी दुसरा ठसा काढीन. मागणे वेगळेच आहे: चित्रे तुमची असल्याने तुमची परवानगी हवी आणि चिठ्ठीवर तुमचे नाव हवे. पण माहेरचे लिहू की सासरचे? चित्र माहेरी काढले, पण कागद सासरी आहे. मी दोन्ही तऱ्हांनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या आहेत.

ता. क. २. गल्ल्यावर मी येत नाही, हे आतोबांना तुम्हीच सांगा. पित्त उतरल्यावर सांगा.

ता. क. ३. कागद पुण्याला पाठवायला बाया तयार आहेत, पण जिचे वाण तिच्याच हातात राहणार, म्हणजे साऱ्याजणी बरोबर येणार. म्हणून टेम्पो ठरवला आहे. ड्रायव्हरशेजारची जागा तुमच्या गुडघ्यांसाठी ठेवली आहे. येताना गुंडाळी आणली तर उत्तम. पाहून झाल्यावर घेऊन जा.

ता. क. ४. वडील मागे उभे राहून लिहायला सांगत आहेत. त्यांचे शब्द न सुधारता देतो: “आक्काला म्हणावं, दार पुन्याला चाललंय म्हणून गोठ्याला आंब्याच्या फळ्यांचं नवं दार केलंय. कोरं हाय. खिळा हितं हाय. या बारीला म्या कुणाला सांगत न्हाई.”