म्हाताऱ्याची बोटं

तेजस,

तू आतल्या खोलीत गिटार वाजवतोयस आणि मी किचनमध्ये बसून हे लिहितेय. तुला देणार नाहीये.

रबाळ्याच्या कारखान्यात प्रेस मशीनखाली तुझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून गिटार कपाटावर पडून होती. गर्दीत यायला तू तयार नव्हतास, म्हणून तुझ्या लाडक्या म्हाताऱ्या गिटारवाल्याला ऐकायला फेस्टिवलला मी एकटी गेले. लांबून का होईना, व्हिडिओ काढून पाठवला. तो बघून तू गिटार खाली काढलीस. आई कितीतरी महिन्यांनी हसली.

फेस्टिवलमध्ये पुढे काय दिसलं ते तुला सांगितलं नाही. बायकांच्या टॉयलेटची रांग स्टेजच्या मागून जात होती. तिथून दिसलं, काळ्या पडद्याआड एक तरुण माणूस गिटार वाजवत होता, ऐकू येत होते ते सगळे सूर त्याचेच. पुढे म्हाताऱ्याचे हात तारांवर नुसते थरथरत होते, आणि समोर लोक रडत होते.

आता तू रोज त्या व्हिडिओबरोबर वाजवतोस, उरलेल्या बोटांतून रक्त येईपर्यंत. काल म्हणालास, "ताई, या वयात त्याला जमतं, मग मला काय धाड भरलीय?"

मी तुझ्या बोटांना हळद लावली आणि म्हटलं, "जमेल."

तुझी,
संध्याताई